कढई न चढलेली दिवाळी

सावळीरामला डास चावला तर डासच मरतो, असं मखमलाबाद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर लोक म्हणत, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं सावळीरामच हसे. सगळं आयुष्य त्यानं द्राक्षबागांना औषध मारण्यात घालवलं होतं. आधी पाठीवरचा पंप, मग हातातली नळी, आणि आता स्वतःचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे फवारा उडवणारा ब्लोअर. ऑक्टोबरातली, फळासाठीची गोडी छाटणी झाली की म्हसरूळपासून दिंडोरीपर्यंतचे बागायतदार त्याला फोन करत. वेलीवर बुरशी धरणारा डावणी रोग सणवार बघून येत नाही, म्हणून फवारणीही सणवार बघत नाही. तोंडाला रुमाल आणि डोक्याला टोपी, एवढाच त्याचा बंदोबस्त. मुलीनं, सायलीनं, आणून दिलेला मास्क आणि हातमोजे ट्रॅक्टरच्या पेटीत पान्ह्यांच्या खाली पडून होते.

हे काम करणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठलं तर कोणी त्याची दखल घेत नाही. हात खाजले, मान लाल झाली, की खोबरेल चोळायचं आणि सकाळी पुन्हा ट्रॅक्टर सुरू करायचा. त्यामुळे त्या आठवड्यात उजव्या बाजूला, पाठीपासून छातीपर्यंत आग व्हायला लागली, तेव्हा सावळीराम स्वतःशी म्हणाला, औषध उडालं असणार. तिथे लाल चट्टे आले तेव्हाही तो तेच म्हणाला. चट्ट्यांवर पाण्यानं भरलेले बारीक फोड धरले, तेव्हा म्हणाला, यंदाचं औषध जरा जास्तच कडक आहे.

सायली पहिल्या बाळंतपणासाठी देवळ्याहून माहेरी आली होती. आठवा महिना होता. पडवीत बनियन वर करून बसलेल्या बापाची पाठ तिनं पाहिली आणि ती दारातच थांबली.

"अण्णा, हे काय? भाजल्यासारखं दिसतंय."

"औषध उडालंय गं. काहीतरी थंड लाव."

तिनं कुंडीतल्या कोरफडीचं पान कापलं आणि गर हळूहळू पाठीवर लावला. दोन-तीन फोड तिच्या बोटाखाली फुटले. ते तिनं आपल्याच ओढणीनं टिपले. सावळीरामला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला हाक मारून पुन्हा पाठ पुढे केली.

तिसऱ्या दिवशी मात्र ट्रॅक्टरचा ब्रेक दाबताना बरगडीत सुरी फिरावी तशी कळ आली. लंकाबाईनं, त्याच्या बायकोनं, तोंडाचा पट्टा सुरू केला. "बागांना येळेवर औषध पायजे, आन स्वतःला मातर कोरफड! चला उठा." तिनं त्याला रिक्षात घातलं आणि पंचवटीतल्या अंजली मॅडमच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाठ पाहिली, मग वळसा घालून समोरून छाती पाहिली.

"दोन्ही बाजूंना आहे का?"

"नाय, ह्या एकाच अंगाला. औषध उडालंय मॅडम."

"उडालेलं औषध असं पट्ट्यासारखं, कण्यापासून निघून बरोबर छातीच्या मध्यावर थांबेल का? ही नागीण आहे, काका."

सावळीरामचा चेहरा पडला. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकमेकांना भेटलं की माणूस जातो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "टोकं भेटायला किती राहिलंय?"

"ती भेटत नसतात," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणी तुम्हाला कांजिण्या झाल्या असतील. तेव्हा फोड गेले, पण विषाणू गेला नाही. तो कण्याजवळच्या नसांच्या गाठीत झोपून राहिला. शरीराची राखण ढिली पडली की तो जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. झोप कशी आहे?"

उत्तर लंकाबाईनं दिलं. सावळीरामच्या आईला, अक्काला, दोन वर्षांपासून काही आठवत नव्हतं. श्रावणात ती एकटीच घराबाहेर पडून थेट गोदाकाठी सापडली होती. तेव्हापासून सावळीराम दारात आडवा अंथरूण टाकून झोपत होता. झोपत कसला, पाऊल वाजलं की उठून बसत होता.

"वय झालं, झोप नाही, सारखा घोर. यातल्या नेमक्या कशानं झालं ते मी सांगू शकणार नाही, पण हे सगळं राखण ढिली करतं," डॉक्टर म्हणाल्या, आणि औषध लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात कोणी गरोदर बाई आहे का? नागीण एकाची दुसऱ्याला होत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाईला आणि जन्मणाऱ्या बाळाला ते जड जाऊ शकतं."

सावळीराम आणि लंकाबाईनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही ती ओढणी आठवली.

"मॅडम," सावळीराम म्हणाला, "माझ्या पोरीनं हातानं कोरफड लावली. आठवा हाय तिला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

बापाला ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. सायली सहा वर्षांची असताना दिवाळीच्या तोंडावर लंकाबाई आपल्या आईच्या दुखण्यासाठी माहेरी गेली होती. परत आली तेव्हा सासू एवढंच म्हणाली, की पोरीला बाई येऊन गेल्या. घरात गोवर आला काय किंवा कांजिण्या आल्या काय, त्या घरात नाव घ्यायची रीतच नव्हती. दोन्हींना बाईच म्हणायचं. दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा, फोडणी द्यायची नाही, कढई चढवायची नाही आणि कोणी विचारलं तर बाई आल्यात एवढंच सांगायचं. सावळीराम त्या दिवसांत दिंडोरीच्या बागांवरच मुक्कामाला होता. घरी आला तेव्हा दारावर वाळलेला पाला होता, आणि त्या दिवाळीला करंज्या मिळाल्या नाहीत म्हणून तो कुरकुरला होता. पोरीला नेमकं काय झालं होतं, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

"गोवर असेल तर त्याचा इथे काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त तपासू. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर रक्तात तसं दिसतं. नसतील तर एक इंजेक्शन मिळवून लवकर द्यावं लागेल. लॅब दिवाळीमुळे बंद राहणार आहे, म्हणून आजच्या आज तिला घेऊन या."

निघताना सावळीरामनं चिठ्ठीतल्या दुसऱ्या गोळीबद्दल विचारलं. ती नसेच्या आगीसाठी होती. "आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. ते निरोप पोचवायचं काम करतं. दुखणं किती जाणवावं, झोप, मनाची घालमेल, या सगळ्यांत त्याचा हात असतो. ही गोळी ते आणि त्यासारखी रसायनं थोडी जास्त वेळ टिकवते, म्हणजे दुखण्याला आतून लगाम बसतो."

"आमच्या गल्लीतला निवृत्ती हीच गोळी खातो. त्याला लोक येडा म्हनतात."

"लोकांना बरगडीत कळ येत नाहीये, तुम्हाला येतेय. घ्या."

तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "मॅडम, माझ्या आईचा इसर पन ह्याच्यामुळंच का? मलाबी तसंच व्हनार का?"

"असे झोपलेले विषाणू आणि विसर यांचा काही संबंध आहे का, यावर अभ्यास चालू आहेत. ठाम उत्तर आज कोणाकडे नाही. तुम्ही झोपा. मेंदूला झोपेइतकं फुकटचं औषध दुसरं नाही."

सायलीचं रक्त त्याच दुपारी दिलं गेलं. दिवाळीचे दोन दिवस गेल्याशिवाय रिपोर्ट येणार नव्हता. सुई टोचताना तिनं फक्त विचारलं, "अण्णा, मास्क कुठंय तुमचा?" आणि सावळीरामला वाटलं, ती चिडून ओरडली असती तर बरं झालं असतं.

फोड झाकून ठेवले आणि टॉवेल-कपडे वेगळे केले तर घरात राहायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं नाही. पाठीला फडकं गुंडाळून तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये राहायला गेला. लंकाबाई ताट शेडच्या दाराशी ठेवी. तो तिथूनच विचारी, "ताप नाय ना तिला? खाज नाय ना कुठं?"

"आवं, दर अर्ध्या तासानं इचारून ताप येत नसतो. गोळी घेतली का येड्याची?"

"घेतली."

"मग वागा जरा शहाण्यासारखं."

जावयाचा, महेशचा, देवळ्याहून फोन आला. सावळीरामनं तो उचलला नाही. सायलीच्या सासूला काय सांगायचं, याची वाक्यं तो मनातल्या मनात जुळवायचा आणि मोडायचा. बाळाला काही झालं तर, या वाक्याच्या पुढे त्याला जाताच येत नव्हतं. समोरच्या बागेत दुसऱ्याच कोणाचा तरी ब्लोअर घुमत होता. एरवी त्या आवाजावरून नोझल कुठलं बिघडलंय ते त्यानं सांगितलं असतं. आज त्याला तो आवाजही ऐकवेना.

शेडच्या दाराशी अक्का मात्र येऊन उभी राहायची. तिला अडवायची सोय नव्हती. त्याला ओळखून म्हणा किंवा न ओळखून, ती विचारायची, "पोरगी बरी हाय ना रं?" पोरगी म्हणजे कोणती, हे तिचं तिलाच माहीत. स्वतःची मेलेली लेकही असेल. सावळीराम मान खाली घालायचा.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईनं ठरवलं, की रडत बसून काही होत नाही, थोड्या शंकरपाळ्या तरी तळाव्यात. पोटुशी पोर घरात, आणि सणाला तळणाचा वास नाही, हे तिला बघवेना. तिनं कढई ठेवली. तेल तापलं. पहिला घाणा सोडला आणि तो चर्र आवाज घरभर गेला.

खाटेवर पडलेली अक्का ताडकन उठली.

"कढई उतरव! उतरव आधी!" तिचा आवाज असा चढला, की सावळीराम शेडमधून धावत आला आणि उंबऱ्याबाहेर थबकला. "पोरीच्या अंगावर बाई आल्यात आन तू तेल उडवती? कळत नाय तुला?"

"अक्का, कुणाला नाय आल्या बाई—"

"मला शिकवती?" म्हातारीनं खरंच पुढे होऊन गॅसची कळ फिरवली. मग ती सायलीकडे वळली. सायली भिंतीला टेकून बसली होती. अक्का तिच्यापुढे बसली, तिच्या बाह्या वर करून हात पाहू लागली, गळ्याशी पाहू लागली. तिच्या बोटांना सराव होता.

"खाजवू नको गं बाय. पानी भरलंय त्यात. मोत्यावानी हायेत, वाळू दे, खपल्या धरू दे. फोडले तर खड्डे पडत्यात." आणि मग सायलीच्या कपाळावरचे केस मागे सारून, भुवईच्या वर जो मसुराएवढा खळगा होता, त्यावर तिनं बोट ठेवलं. "ह्यो फोडलाच ना? सांगितलं व्हतं का नाय? आता लगनात दिसंल."

लहानपणी झोक्यावरून पडले तेव्हाची ती खूण, असंच सायली आजवर समजत होती. तिनं आजीचा हात धरला आणि विचारलं, "अक्का, पाण्याचे होते? नक्की पाण्याचे? नुसते लाल ठिपके नाही?"

"ठिपके!" अक्काला राग आला. "डोळे फुटले का माझे? पान्याचे व्हते. तुझा बाप बागेत, आय माहेरी, मी एकटी लिंबाच्या पाल्यानं वारा घालीत बसले." इतकं बोलून तिचा चेहरा पुन्हा कोरा झाला. तिनं विचारलं, "तू कोनाची गं?"

उंबऱ्याबाहेर सावळीराम खाली बसला. बसताना बरगडीतून कळ गेली, तरी तो बसला. मग त्यानंच डॉक्टरांना फोन लावला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"पाण्याचे फोड, खपल्या, खळगा. हे कांजिण्यांसारखंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण विसर पडलेल्या माणसाच्या सांगण्यावर मी बाळाचा निर्णय घेणार नाही. रिपोर्ट येऊ दे."

म्हणजे अजून एक दिवस. पण आधीचे दिवस नुसत्या अंधारात गेले होते. हा दिवस म्हातारीच्या बोटाला धरून गेला. सावळीराम मधूनच स्वतःला बजावत होता, की ती रोज काहीही बोलते, काल तर तिनं त्याला दूधवाला समजून हिशोब विचारला होता. आणि मधूनच त्याला तिचा तो सरावाचा हात आठवत होता.

रिपोर्ट आला तेव्हा सायलीनं तो आधी डॉक्टरांना पाठवला आणि फोन हातात धरून बसून राहिली. उत्तर यायला वेळ लागला. मग फोन वाजला. ती नुसतं "हो" म्हणत राहिली. नंतर ती उंबऱ्यापर्यंत आली आणि बाहेर उभ्या बापाला म्हणाली, "मला होऊन गेल्यात, अण्णा. रक्तात संरक्षण आहे. इंजेक्शन नको म्हणाल्या."

"म्हंजे तुझ्या पाठीतबी झोपलाय तो," सावळीराम म्हणाला.

"झोपू दे. तुम्ही पण झोपा आता. आणि ते हातमोजे पान्ह्याखालून काढा."

लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "मग चढवू का कढई?"

पण अक्का गॅसपुढे मांडी घालून बसली होती, आणि तिथून उठायला तयार नव्हती. तिची समजूत कोण घालणार? सावळीराम मागच्या बाजूला गेला. हात वर करताना पाठ पेटत होती. तरी त्यानं लिंबाचा एक डहाळा तोडला आणि दाराच्या चौकटीला बांधला. तेव्हा कुठे म्हातारी उठली, दारात आली आणि पाला नीट बांधलाय का ते पाहिलं.

"पोरगी बरी हाय ना रं?" तिनं विचारलं.

"बरी झाली, अक्का."

"फोड वाळले?"

"वाळले."

ती आत गेली, खाटेवर टेकली आणि पुन्हा उठून दारात आली. "पोरगी बरी हाय ना रं?"

"बरी झाली, अक्का," सावळीराम म्हणाला. ती आणखी कितीदा विचारणार होती कोण जाणे. या वेळी मात्र तिनं विचारत राहावं, असंच त्याला वाटत होतं.