दोन्ही कागदांवर चाचांचा अंगठा

बेंबळीचा सरकारी दवाखाना व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला चालवायला द्यायचं घाटत होतं. मी त्याविरुद्ध पत्रकं काढली आणि घरोघरी अंगठे गोळा केले. जनतेचा दवाखाना विकू देणार नाही, असं ठणकावून सांगत होतो.

मग मंडळाच्या माणसानं त्यांचा अर्ज मला दाखवला. त्यावरही आमच्या गल्लीतल्या विणकर चाचांचा अंगठा होता! मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"चाचा, दोन्हीकडं अंगठा? हा दगा झाला."

चाचांनी माग थांबवला. "बेटा, तू म्हणालास, सरकारकडं राहिला तर डाक्टर येईल. ते म्हणाले, आमच्याकडं आला तर येईल. म्या दोघांलाबी व्हय म्हटलं. आता तूच सांग, आधी कोण आणतंय?"

आत चाची पाय लांब करून बसल्या होत्या. पायावरची महिन्याभराची जखम काळी पडत चालली होती.

डॉक्टरची जागा वर्षभर रिकामी होती. ते मी पत्रकात लिहिलंच नव्हतं. मंडळाचा डॉक्टर चाचींना फुकट तपासेल का, तेही मला ठाऊक नव्हतं.

शेवटी बैलगाडी जुंपून आम्ही त्यांना उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. धक्के बसू नयेत म्हणून उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा पायाखाली दिला. पाय वाचला. पण माझ्या कागदावरचा चाचांचा अंगठा खोडावा की ठेवावा, हे मला अजून कळलेलं नाही.