भेगांचा किनारा

१९४२ च्या जूनमध्ये इंग्रजांच्या फौजेतले, आमच्या खेचर कंपनीचे बारा जण उत्तर ध्रुवाकडच्या एका किनाऱ्यावर उतरले. ठिकाणाचं नाव आम्हाला सांगितलं नव्हतं. काम एवढंच: जहाजावरचा माल सहा मैलांवरच्या वायरलेस चौकीला पोचवायचा.

तिथं झाड नाही. साहेब झाड म्हणून दाखवायचे ते घोट्याएवढं खुरटं. बाकी शेवाळ, दगडफूल आणि पाणी. हातभर खाली जमीन बारमाही गोठलेली, म्हणून वरचं पाणी मुरत नाही. जिकडं बघावं तिकडं तळी, आणि काठावर अंडी घालायला आलेली बदकं. डासांनी खेचरांची नाकं रक्ताळली.

हिंगोलीकडचे आम्ही दोघंच. मी गोरेगावचा, ग्यानबा नरसीचा. नोकरीत मी दोन वर्षं सीनियर. तरी कॅप्टनसाहेबांनी लान्स नाईकच्या हुद्द्याची फीत त्याला दिली. का, तर तो तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या माणसांत बसायचा, काठी खुपसून गोठलेला थर ओळखायला शिकायचा. त्यांच्यात मीही जायचो. अख्खा दिवस घासाघीस करून चहाच्या दोन पुड्यांत कातडी बूट मीच मिळवले. ते बूट साहेबांच्या पायात, फीत मात्र ग्यानबाच्या दंडावर.

"सौदागर, काहून तोंड फुगवून राहिला?" तो मला विचारायचा.

"फीत नीट शिव. वाऱ्यानं उडंल."

ती फीत दिसली की मी ताट घेऊन दुसरीकडं बसायचो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सात वाजता चौकीचा मेसेज आला. "बॅटरी संपत आली. आजच पाठवा. ओव्हर." ग्यानबानं तळ्यांना वळसा घालणारी पाच तासांची वाट धरली. मी म्हणालो, किनाऱ्यानं दोन तासांत पोचू.

"तिकडं भेगा हायेत."

"भेगा म्हंजे जमीन वाळली. शेतकऱ्याचाच ना तू?"

आमच्या काळ्या रानात चैतात भेगा पडल्या की भरली गाडी बिनघोर जाते.

"हितं भेगेत बर्फाची पाचर ऱ्हाती. खालून समुद्र कडा खाऊन राहिला. न्हाई जायचं. ऑर्डर हाय."

त्याच्या तोंडून 'ऑर्डर' मला सोसलं नाही. माझं खेचर घेऊन मी किनाऱ्याला लागलो. त्याच्या आधी पोचायचं, एवढंच डोक्यात होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी कडा भेगेतून सुटला. खेचर खाली गेलं. दोर मी मनगटाला गुंडाळलेला. पोटावर घसरत मी कडेला आलो. ग्यानबा मागून धावत आला. चाकूनं दोर कापला, मला मागं लोटलं. मग त्याच्या पायाखालचा तुकडा त्याच्यासकट गेला. खाली चिखल, बर्फ, पाणी. मी हाका मारल्या. लाटांनी सगळं नेलं.

बाकीच्यांनी आपल्या खेचरांवरच्या बॅटऱ्या लांबच्या वाटेनं पोचवल्या.

"रास्ता किसने चुना?" साहेबांनी विचारलं.

"मैंने, साब."

मला फीत कधीच मिळाली नाही. त्याबद्दल तक्रार नाही. बाकीच्या तक्रारी आहेत, त्या माझ्या स्वतःबद्दल.

१९४६ ला सुटून आलो आणि नरसीला गेलो. त्याची आई अंगणात शेंगा फोडत होती. मी नाव, गाव सांगितलं.

"तू तो व्हय? त्यानं दर पत्रात तुझंच लिहिलं, बाबा. संगं गावाकडचा माणूस हाय, म्हून करमून राहिलं."

मला त्या पत्रांचाही हेवा वाटला. असं पत्र मी कधी कुणाला लिहिलं नव्हतं.

"माय, चूक माझी होती," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तिनं हातातली शेंग फोडली. मग सूप माझ्याकडं सरकवलं. "फोड."

संध्याकाळपर्यंत आम्ही शेंगा फोडल्या.

लान्स नाईक ग्यानबा, राहणार नरसी, वय चोवीस. फीत बराबर माणसाला मिळाली होती.