डॉक्टर नसतानाचा सुहास

माझ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मी सुहासला पाठवला, तेव्हा त्याला जाऊन दोन तास झाले होते. मला कळलंच नव्हतं. वर अर्ध्या तासाने ‘बघितलास का रे?’ असंही विचारलं. मग त्याच्या हॉस्पिटलमधल्या सिस्टरचा फोन आला. सकाळची ओपीडी चालू असताना, दोन पेशंटांच्या मधे, खुर्चीतच... हृदय थांबलं. बावन्न वर्षांचा होता. माझा मावसभाऊ, आणि म्हैसूरमधलं माझं एकुलतं एक माहेरचं माणूस. पुरुषांनाही माहेर लागतं, हे मला गेल्या दीड महिन्यात समजलं.

दोघंही नोकरीसाठीच इकडे आलो. मी शहराजवळच्या बेळगोळच्या कारखान्यात चिकटलो, तो एका खासगी हॉस्पिटलात. मुलीच्या शिक्षणासाठी त्याची बायको पुण्यात, त्यामुळे घरी तो कपडे बदलण्यापुरता जायचा. गेल्या वर्षी त्याने वरच्या लोकांकडे दोन गोष्टी मागितल्या: वॉर्डात आणखी एक डॉक्टर आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. त्यांनी ताणमुक्ती शिबिर भरवलं. रविवारी. हजेरी सक्तीची.

“काय शिकवलं?” मी विचारलं.

“दीर्घ श्वास घ्यायला. दादा, पंचवीस वर्षं मी लोकांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून हेच सांगतोय.”

मी खूप हसलो. तो हसला की नाही, ते बघायचं राहिलं.

एकदा सुट्टी मिळाली तेव्हा त्याला कावेरीकाठच्या तलकाडला नेलं. फोन त्याने मुद्दाम घरी ठेवला होता. चपला हातात घेऊन वाळूतून चालताना चक्क शीळ घालत होता. आणि मी, कौतुक पोटात मावेना म्हणून, शहाळंवाल्याला सांगितलं, “इवरु डाक्टर,” हे डॉक्टर आहेत. झालं. त्याने गुडघा पुढे केला, फुलवाली सासूला घेऊन आली. “सार, स्वल्प नोडी,” जरा बघा, जरा बघा... सुहास वाळूत बसून एकेकाचं बघत राहिला. परतताना गाडीत तो पायांची वाळू झटकत होता.

“दादा, आजच्या दिवस मला मास्तर म्हणाला असतास तर?”

“मग त्यांनी पोरांच्या शाळाप्रवेशाचं विचारलं असतं,” मी म्हणालो. मला विनोद सुचतात. नको तेव्हा सुचतात.

त्यानंतर सुट्टी मिळालीच, तर तो दुपारी आमच्याकडे यायचा. वर्षा, माझी बायको, त्याला ताक द्यायची आणि रिपोर्ट घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांना दारातूनच परत पाठवायची. मी कारखान्यातल्या बॉयलरची कहाणी सुरू करायचो. दहाव्या मिनिटाला हा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेला, तोंड किंचित उघडं. मला राग यायचा, पण बोलत राहायचो. कारण मी थांबलो, की तो जागा व्हायचा.

गेल्या रविवारी सोफ्यावर मी एकटाच होतो. सांगण्यासारखं बरंच साठलं होतं. वर्षाला म्हणालो, “झोपायचंच होतं, तर स्वतःच्या घरी झोपायचं ना. तिथे कोण होतं त्रास द्यायला? इथे माझी बडबड...”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“तिथे कोणीच नव्हतं, म्हणून तर,” ती म्हणाली. “आणि बाकी सगळीकडे, त्याच्यापुढे तोंड उघडणाऱ्याला उत्तर हवं असायचं. तुम्हाला कुठे लागतं?”