सोताने जागा दिली नाही

मी निघाले त्या दिवशी बाबांनी जीपमध्ये पॅसेंजर घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. पुढे बाबा आणि नरेशदादा, मागे आई, मी आणि माझ्या बॅगा. किन्हवली सुटेपर्यंत त्यांनी ते पाळलं. मग वळणावर भाजीच्या पाट्या घेऊन दोन बाया उभ्या दिसल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बाबांचा पाय ब्रेकवर गेला. बाया चढल्या, माझ्या बॅगांना टेकून बसल्या.

"कुठं चालली गो पोर?" एकीने विचारलं.

"जपानला," आई म्हणाली. "कंपनीत लागलेय. कॉम्प्युटरवर."

आईने हे आठवडाभर सगळ्या गावाला सांगितलं होतं. मी गप्प राहिले होते. त्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"कॉम्प्युटर नाय, मावशी. गॅरेज. गाड्या दुरुस्त करायला चाललेय."

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग आरशातून बाबांकडे. "मग इथं गाड्या नाय काय?"

बाबा एकटेच हसले. शहापूर येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही.

त्या बाईचा प्रश्न खोटा नव्हता. गाड्या होत्याच. बाबांची किन्हवली-शहापूर जीप महिन्यातून चार दिवस धावायची नाही, तेव्हा तिच्याखाली झोपून मीच हात काळे करायची, कारण नरेशदादाला ग्रीसची शिसारी होती. डिप्लोमा ऑटोमोबाइलचा केला तेव्हा बाबा म्हणाले होते, "शीक. पण कुणी विचारलं तर सांगू नको." तोवर हाताची नखं लपवायची मला सवय झाली होती. गावात मला काम मिळालं असतं; बाबांच्या जीपचं, फुकटचं, आणि लग्न होईपर्यंतचं. म्हणून गेले. आपल्या भागातले तुम्ही, कुणी आखातात गेलात, कुणी पुण्याला, कुणी अजून आटगावहून पहाटेची लोकल पकडून संध्याकाळी परत येता. तुम्हालाही कुणीतरी विचारलंच असेल, इथं नाय काय? माझं उत्तर हे असं आहे.

पहिली दोन वर्षं मी जपानमधल्या एका साध्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. भाषा कल्याणच्या क्लासात शिकले होते, पण क्लासातलं जपानी आणि स्पॅनर हातात असतानाचं जपानी वेगळं. एक शब्द मात्र शिकावा लागला नाही. तिथे "हाय" म्हणजे "हो". बाबा फोनवर विचारायचे, "बरी हायस ना?" आणि मी "हाय" म्हणायची. माझं एकच उत्तर दोन्ही भाषांत बरोबर ठरायचं.

रविवारी मी जवळच्या ट्रॅकवर एका रेसिंग टीमकडे बिनपगारी जायला लागले. चाकं धुवायची, पिट म्हणजे ट्रॅककडेची दुरुस्तीची शेड झाडायची. वर्षभराने त्यांनी मला कामावर घेतलं आणि एका ड्रायव्हरच्या गाडीवर लावलं. ड्रायव्हरचं नाव सोता. वय अठरा. पाचव्या वर्षापासून कार्ट, म्हणजे पोरांची छोटी रेसगाडी, चालवत आलेला, आणि मोठ्या फॉर्म्युला गाड्यांकडे नेणाऱ्या ज्युनियर स्पर्धेतलं हे त्याचं पहिलंच वर्ष. त्याचे वडील समुद्राकाठच्या गावात न्हावी होते. प्रत्येक रेसच्या आधी ते पोराचे केस स्वतः कापायचे, त्यामुळे सोता दर वेळी नुकत्याच शाळेत निघालेल्या मुलासारखा दिसायचा. रेसआधी तो हमखास ओकायचा. मग तोंड धुऊन, हेल्मेट चढवून, माझ्याकडे बघून मान हलवायचा. त्याला सुजाता म्हणता यायचं नाही. मी त्याची सुजा-सान; सान म्हणजे आपल्याकडचं जी.

टीममध्ये दुसरा ड्रायव्हर होता, वयाने मोठा. गुणतक्त्यात तो वर होता, विजेतेपदाची आशा त्याच्यावर होती, आणि चांगलं इंजिन, नवे भाग, सगळं आधी त्याच्या गाडीला. त्याबद्दल सोताने कधी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

ती रेस ओल्या ट्रॅकवर झाली. सोता चाचपडत सुरुवात करायचा, पण पावसात तो वेगळाच माणूस व्हायचा. गाडी घसरायला लागण्याआधी त्याच्या हातांना कळायचं. तो एकेकाला मागे टाकत पहिला आला. त्याच्यामागे दुसऱ्या नंबरवर आमचाच मोठा ड्रायव्हर. हेडफोन माझ्याही कानाला होते. टीमच्या प्रमुखांनी रेडिओवर सांगितलं, "सोता, बाजूला हो. त्याला जागा दे."

सोताने पुढचं वळण घेतलं, तसंच पुढे राहून.

"ऐकलं," सोता म्हणाला. "नाही."

प्रमुखांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर, तेवढ्याच शांत आवाजात. त्याने जागा दिली नाही. तो जिंकला. कार्ट सोडल्यापासूनचा त्याचा हा पहिला विजय, आणि आमच्या पिटमध्ये कुणी हललं नाही. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्या टाळ्यांचा आवाज त्या शेडमध्ये फार विचित्र वाटला, पण मी थांबले नाही. सोता गाडीतून उतरेपर्यंत वाजवत राहिले.

प्रमुखांनी सगळ्यांसमोर वाकून माफी मागायला सांगितली. सोता म्हणाला, "गाडीला काही झालं असतं तर माफी मागितली असती." त्याला पुढच्या रेसमधून काढलं. मग त्याच्या पुढच्याही.

आठवड्याभरात त्याचे वडील आले. दुकान बंद ठेवून, कोट घालून, हातात मिठाईचा खोका. मी बाजूलाच गाडीचा मागचा भाग उघडून बसले होते. त्यांनी खोका टेबलावर ठेवला, प्रमुखांसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकायला सुरुवात केली. तिथे माफी मागताना माणूस खूप खाली वाकतो, आणि समोरचा बोलेपर्यंत उठत नाही.

"बाबा," सोता म्हणाला, "वाकू नका."

ते अर्ध्यात थांबले. मला वाटलं, आता हा माणूस पोराच्या कानाखाली वाजवणार. आमच्याकडे वाजवली असती. ते हळूहळू सरळ झाले, कोट खाली ओढला, आणि प्रमुखांना म्हणाले, "मी माफी मागायला आलो होतो. मुलगा म्हणतोय, मागण्यासारखं काही नाही. गाडी तो चालवतो, मी नाही. त्यामुळे त्याला माहीत असणार." मग ते निघून गेले. खोका तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी मला बोलावलं. मोठ्या ड्रायव्हरच्या गाडीवर मला घेणार होते. चांगली जागा होती, जिच्यासाठी मी वर्षभर फुकट चाकं धुतली ती. मी विचारलं, सोताच्या गाडीचं काय. ते म्हणाले, ती गाडी आता दुसऱ्याची. मी म्हटलं, मग मला नको, आणि नोकरी सोडली.

यात शौर्य कमी आणि राग जास्त होता. बाजूला होणारी माणसं मी जन्मापासून बघत आले होते, आणि बाजूला झाल्याबद्दल त्यांचं कौतुक करणारीही. त्या मुलाने नाही म्हटलं तेव्हा मी एकटीने टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर दुसऱ्याच्या गाडीवर "हाय, हाय" करत फिरणं मला जमलं नसतं.

माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर चंबूगबाळं उचलून परत. मी घरी फोन केला.

"कुणासाठी सोडलीस नोकरी?" बाबांनी विचारलं. "कोण लागतो तुझा तो पोरगा?"

"कोणी नाय."

"मग परत ये. लोकं काय म्हणतील ते मी बघतो."

"मी नाय येणार, बाबा."

मग ते म्हणाले, "जेवतेस ना नीट?"

ट्रॅकपासून लांब, भातशेतांच्या मधोमध मोरी-सान नावाच्या म्हाताऱ्याची पत्र्याची शेड होती. एकेकाळी ते मेकॅनिक होते, आता त्यांच्याकडे एक जुनी रेसची गाडी होती आणि चालवायला कुणी नव्हतं. सोताने त्यांना विचारलं, मी चालवू का? त्यांनी सोताला विचारलं, मेकॅनिक कोण? सोताने माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे जरा वेळ बघून मोरी-सान म्हणाले, "शेड थंड असते." बस, एवढीच मुलाखत.

खरंच थंड असायची. त्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी ती गाडी पार सुटी केली आणि पुन्हा जोडली. सोताही सोबत बसून बोल्ट घासायचा. वसंतात आम्ही शेवटच्या रांगेतून सुरुवात करायचो. पहिल्या रेसमध्ये गिअरबॉक्स गेला. दुसरीत सोता स्वतः भिंतीवर गेला आणि संध्याकाळी शेडमागे एकटा रडला. तिथे कुणी त्याच्याकडे गेलं नाही. जायचं नसतं, असं मोरी-सान म्हणाले. मग हळूहळू आम्ही मधल्या रांगांत आलो.

हंगामाच्या शेवटच्या रेसमध्ये जुन्या टीमचा तो मोठा ड्रायव्हर अर्धा वेळ आमच्या मागे होता. नवं इंजिन, नवे टायर, आणि पुढे आमची जुनी गाडी. प्रत्येक वळणावर तो आत घुसायला बघायचा आणि प्रत्येक वळणावर सोता तिथे आधीच असायचा. रेडिओवर मी त्याला एकच वाक्य सांगितलं, "गाडी ठीक आहे." गोष्टीत अशा वेळी पहिला नंबर येतो. आमचा दुसरा आला, त्याचा तिसरा. सोताचे वडील कुंपणाला धरून उभे होते. ते आले आणि मोरी-सानपुढे आणि माझ्यापुढे वाकले, पार खाली. ते वाकणं माफीचं नव्हतं.

त्या वर्षी सोताला कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी बोलावलं, तेही युरोपातल्या एका टीमने. निघताना तो म्हणाला, "सुजा-सान, चला." मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं, मलाही. पण एकाच्या मागे दुसरीकडे जायला मी किन्हवली सोडली नव्हती. मोरी-सानची शेड आता मी चालवते. नवी पोरं येतात, त्यातली काही रेसआधी ओकतात.

गेल्या उन्हाळ्यात घरी आले होते. शेतांत राब भाजायचं चाललं होतं, पेरणीच्या वाफ्यांवर पालापाचोळा जळत होता, सगळीकडे धूर. रात्रीच्या जेवणाआधी नरेशदादाने माझ्यापुढे कागद ठेवला. हक्कसोड. वडिलोपार्जित जमिनीवरचा माझा हिस्सा मी सोडते, असं.

"सही कर," तो म्हणाला. "सगळ्या बहिणी करतात. तू काय परत येणार हायस?"

"नाय येणार."

"मग?"

"मग काय. सही नाय करणार."

बाबा भिंतीकडे बघत होते. आई चुलीपाशी होती. तिने स्वतःच्या माहेरी अशीच सही केली होती. मामांनी साडी दिली, आणि तेव्हापासून ती तिथे पाहुणी म्हणून जाते, सांगितलं तेवढंच राहून परत येते. ती मागे न बघता म्हणाली, "नको करू गो."

नरेशदादाने कागद घडी करून उचलला. तो जेवायला बसला नाही.

तुम्ही म्हणाल, राहायचं तिथे आणि हिस्सा इथे, हे कसं? असंच. मला दोन्ही हवंय. तिथली शेड मी चालवते आणि इथल्या मातीत मी जन्मले आहे, त्यातलं एक निवड असं मला कुणी सांगू नये. परदेशी गेलेली पोरगी गावाला वर्षातून एकदा चॉकलेटं वाटायला येते, तशी मी येणार नाही. येईन तेव्हा माझ्या घरात येईन.

सकाळी नरेशदादा शेताकडे निघाला. मी मागोमाग गेले, तो काही बोलला नाही. ओढ्याकडच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन तो थांबला आणि पायाने ढेकूळ फोडलं.

"इथं पाणी साचतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "यंदा काय लावू इथं?"

आमच्या घरात शेतातलं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"वरून पाण्याला चर काढ," मी म्हटलं. "आणि भातच लाव."