लाईन स्लो, कारण खालीलप्रमाणे

तक्रार घेऊन कोणी आलं की तो आधी खिशातून किल्ली काढायचा. "चला वर," एवढंच म्हणायचा आणि माणूस कितीही वयस्कर असो, त्याला लोखंडी शिडीनं गच्चीवर नेऊन भिंतीला ठोकलेली पत्र्याची पेटी उघडायचा. आत हिरवे दिवे लुकलुकत असायचे. "घ्या, बघा. आपल्याकडं झाकून काहीच न्हाई."

बघणाऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही. मलाही कळत नसे, आणि मी तर गावात कॉम्प्युटरची बाई म्हणून ओळखली जात होते. पण समोरच्यानं पेटीच उघडून दाखवली की माणसाला मान हलवावी लागते. आमचे निवृत्त मुख्याध्यापक एकदा धोतर सावरत ती शिडी चढले, दिव्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि "बरोबर आहे" म्हणून खाली उतरले. काय बरोबर आहे, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. इंटरनेट स्लो होतं ते स्लोच राहिलं. तक्रार मात्र मिटली.

हा आमच्या गावचा केबलवाला. गाव भोकरदन तालुक्यातलं, धावड्याकडे जाणारी एसटी जिथं चहाला थांबते तेवढंच मोठं. स्टॅंडसमोर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि भिंतीला भिंत लावून त्याचं दुकान. टीव्हीच्या केबलवर त्याचं बरं चाललं होतं. मग दोन हजारनंतरच्या कुठल्याशा वर्षी त्याच्या डोक्यात इंटरनेट शिरलं. जालन्याहून टॉवरवरून एक लाईन घेतली आणि गच्च्यागच्च्यांवरून निळी वायर टाकून ती गावभर वाटली. गाव खूश झालं. पहिले काही दिवस तर सगळं इतकं भराभर उघडायचं की लोकांना काय उघडावं ते सुचत नव्हतं.

मग गिऱ्हाईक वाढलं आणि लाईन रांगायला लागली. तो ते नळाच्या भाषेत समजावून सांगायचा. वरून येणार तेवढंच येतं. एकानं नळाला मोटर लावली की बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या. जालना जिल्ह्यातल्या माणसाला इंटरनेट समजावण्याची याहून सोपी तऱ्हा मला तरी माहीत नाही.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं गुपचूप ज्याचा त्याचा नळ आवळला असता. जगातले बहुतेक धंदे असेच चालतात आणि चांगले चालतात. याला मात्र उघडपणाचा सोस. शाळेनं मोडीत काढलेला एक फळा त्यानं उचलून आणला, दुकानाबाहेर टांगला आणि रोज सकाळी त्यावर लिहायला लागला. मथळा कायमचा ठरलेला: "लाईन स्लो, कारण खालीलप्रमाणे." त्याखाली नियम. संध्याकाळी पिक्चर आणि गाणी उतरवणाऱ्यांची लाईन अर्धी केली जाईल. सगळ्यांची. माझी पण, असंही त्यानंच लिहिलेलं.

एकदा त्यानं लिहिलं, "काल दुपारी लाईन बंद. कारण: माझ्या हातून चुकीची वायर कापली गेली. घरी भांडण झालेले होते." तासाभरानं त्याची बायको आली, दुसरं वाक्य पदरानं पुसलं, पहिलं तसंच ठेवलं आणि निघून गेली. तिच्याइतकी संपादनाची समज त्याला असती तर पुढचं काही घडलं नसतं.

पण नुसत्या नियमांवर गाव समाधान मानेना. पिक्चर उतरवणारे म्हणजे कोण? नावं लिहा, असा लोकांनी आग्रह धरला. प्रत्येकाची खात्री होती की ते नाव शेजाऱ्याचं निघणार. मी त्याला म्हणाले, नावांच्या फंदात पडू नका.

"ताई, लाईन सगळ्यायची हाये. कोण जास्त वढून राह्यलं, ते सगळ्यायला म्हाईत पायजे."

"आणि काय बघतात, तेही लिहिणार?"

"ते बिलकुल न्हाई. काय बघतेत ते मला दिसत बी न्हाई, अन् मला बघायचं बी न्हाई. किती वढतेत, तेवढंच दिसतं."

हे त्यानं फळ्यावरही लिहिलं, मोठ्या अक्षरात. कोणाचा विश्वास बसला नाही. नावं लागली त्याच आठवड्यात गावातले बरेच प्रतिष्ठित पुरुष त्याला रस्त्यात थांबून नमस्कार करायला लागले. भजनी मंडळाचे अध्यक्ष तर सणवार काही नसताना फराळाचा डबा देऊन गेले. त्याला वाटलं, आपल्या पारदर्शक कारभाराचा हा मान आहे. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही, चकल्या चांगल्या झाल्या होत्या.

मला वाटलं होतं, नाव फळ्यावर आलं की लोक लाजतील आणि जरा बेतानं वापरतील. एवढी वर्षं राहूनही मी गाव ओळखलं नव्हतं. फळ्यावर नाव आलं याचा अर्थ लोकांनी असा लावला की हा मोठा माणूस, याला इंटरनेट पुरत नाही. खतांच्या दुकानाचे मालक एके सकाळी तावातावानं आले. आमच्याकडे त्यांना सगळे काका म्हणत.

"माझं नाव काहून न्हाई? काल दिवसभर मशीन चालू ठेवलं ना मी."

"मशीन चालू ठेवून काय होतं काका? काहीतरी उतरवावं लागतं."

"मंग उतरव की तूच काहीतरी."

लग्नाच्या बाजारातही फळा पोहोचला. पिंपळगाव रेणुकाईचे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघायला आले होते. मुलाच्या मामानं त्यांना मुद्दाम दुकानासमोरून नेलं आणि बोटानं नाव दाखवलं. गृहस्थांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "रोज ऱ्हातं का नाव?"

"रोज," मामा छाती काढून म्हणाले.

"मंग पोरगं काम कवा करतं?"

ते चहाला न थांबता परतीच्या एसटीत बसले. मुलाकडचे भांडायला दुकानावर आले. त्यानं किल्ली काढली, त्यांना वर नेलं आणि पेटी उघडून दाखवली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग चेअरमनसाहेबांचा निरोप आला. चेअरमन ते आमच्या पतसंस्थेचे, पण गाव त्यांना स्वतःचेच चेअरमन समजत असे आणि त्यांनी ती समजूत कधी मोडली नव्हती. वरच्या आळीत त्यांची तीन मजली बिल्डिंग, गावातली सगळ्यात उंच. तिच्या गच्चीवर याची दुसरी पेटी होती आणि तिथूनच सगळ्या वरच्या आळीला वायर जायची. साहेबांच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता. त्यावर क्रोशाची झालर घातलेली असे आणि गणपतीला वाहून उरलेलं जास्वंदाचं फूल रोज त्याच्या डोक्यावर ठेवलं जाई. तो चालू झालेला कोणी पाहिला नव्हता.

निरोप घेऊन आला त्यांचा ड्रायव्हर. मी तेव्हा दुकानातच बसले होते.

"साहेब म्हणले, सगळ्या गावाचं नाव लागून राह्यलं अन् आपलं न्हाई, बराबर दिसत न्हाई. वर लिहा. एक नंबरला."

"त्यायचा वापर न्हाई."

"वापराचं काय करायचं? नाव लिहायचंय फकस्त."

तो हातातली पकड खाली ठेवून उठला. मग "बराबर" म्हणाला आणि खडू उचलून बाहेर गेला. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, शहाणपण आलं एकदाचं. बाहेर जाऊन बघते तर एक नंबरला लिहिलं होतं: "चेअरमनसाहेब. पहिले नाव लिहा असा निरोप आला. वापर: शून्य."

खरं सांगते, मी हसले. एसटीतून उतरलेले लोक हसले. गाव दार लावून हसलं. पण हसू ओसरल्यावर मला त्याचा रागही आला. वापर नाही म्हणून नाव लिहीत नाही, एवढं त्यानं ड्रायव्हरला सांगून चाललं असतं. कोणी मान कापली नसती. पण नुसतं खरं वागून त्याचं पोट भरत नव्हतं, ते चार लोकांनी वाचायलाही पाहिजे होतं. उघडपणाचीही माणसाला नशा चढते, आणि ती चढलेला माणूस फार दिमाखात चालतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची पेटी बिल्डिंगच्या पायथ्याशी पडलेली मिळाली. वायरी पकडीनं नीट कापलेल्या होत्या. वरची आळी बंद.

"पुसून टाका ते आणि जाऊन माफी मागा," मी म्हणाले. "पेटी परत लागेल."

"खोटं काय लिवलं ताई मी?"

"खोटं नाही लिहिलं, म्हणूनच."

त्यानं पुसलं नाही. त्याचं बहुतेक गिऱ्हाईक वरच्या आळीत होतं. ती आळी गेली की जालन्याची लाईन परवडणार नव्हती, आणि ती सोडली की धंदाच संपणार होता. त्याला वरच्या आळीत फक्त एक गच्ची पाहिजे होती. कोणाचीही. एक पेटी ठोकण्यापुरती भिंत. ती मागायला तो घरोघर गेला.

एका घरी गच्चीवर पापड घातले होते. एका घरी गच्ची गळत होती. एकाचे थोरले भाऊ पुण्याला होते आणि त्यांना विचारल्याशिवाय खिळासुद्धा मारता येत नव्हता. खताच्या दुकानवाले काका म्हणाले, "आमच्या हिचं डोकं दुखतं बाबा त्या हिरव्या लाईटानं." भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी आतून निरोप दिला की ते घरी नाहीत. मुख्याध्यापकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की त्यांचा तत्त्वतः पूर्ण पाठिंबा आहे. गच्ची कोणीच दिली नाही. चेअरमनांच्या डोळ्यावर कोणाला यायचं नव्हतं.

आणि मग वरच्या आळीला दुसरीच भीती पडली. हा माणूस स्वतःच्या घरातलं भांडणसुद्धा फळ्यावर लिहितो. कोणी काय कारण सांगून गच्ची नाकारली, तेही आता खालीलप्रमाणे येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॅंडवर अचानक बऱ्याच जणांना काम निघालं. मुख्याध्यापक पेपर घ्यायला आले, जो त्यांच्या घरी रोज येत असे. काकांनी पानाच्या टपरीशी ठाण मांडलं. तो दुकानातून बाहेर आला, फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि लिहिलं, "वरच्या आळीची लाईन बंद. कारण: पेटीला जागा मिळाली नाही."

त्यानं खडू ठेवला आणि हात झटकले. टपरीशी उभे होते ते पांगले.

"आणि नावं?" मी विचारलं. विचारताना माझ्याच आवाजात धार आली होती. मला ती नावं वाचायची होती.

"ती कशाला ताई," तो म्हणाला. "त्यायला तिथंच ऱ्हायचंय."

इतके दिवस मी त्याची थट्टा करत आले आणि करण्यासारखी होतीही. पण त्या सकाळी त्या माणसासाठी माझा जीव कळवळला. गावाचा मला इतका संताप आला होता की दिवसभर मी मुलींच्या टायपिंगमध्ये नसलेल्या चुका काढल्या.

महिन्याभरात चेअरमनसाहेबांच्या भाच्यानं त्याच गच्चीवर नवी पेटी ठोकली. सगळी वरची आळी त्याच्याकडे गेली, खालची हळूहळू गेली. माझ्याकडेही आता त्याचीच लाईन आहे, दुसरी नाहीच. स्लो झाली तर "वरूनच स्लो आहे" असं उत्तर मिळतं. कोणाचा नळ आवळला, कोणाचा सोडला, काही कळत नाही. लोकांना हे आवडतं. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये बसून मुख्याध्यापकच म्हणाले की नव्या कारभारात एक प्रकारची शांतता आहे.

केबलवाल्याला औरंगाबादला एका मोठ्या कंपनीत टॉवरवर चढायचं काम मिळालं. जाण्याआधी तो म्हणाला, आपली वायर लोकायच्या डोक्यावर लटकत ठेवून जाणं बराबर न्हाई. भाच्यानं ती वायर मागितली होती, ती त्यानं दिली नाही. खालच्या आळीतली आधी उतरवली आणि मग वरच्या आळीत शिरला. त्यानं पुन्हा एकेका दाराची कडी वाजवली आणि पुन्हा तेच विचारलं, गच्चीवर जाऊ का.

मी वरच्या आळीच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. "ये ना बाबा, विचारतो काय," असं घराघरातून ऐकू येत होतं. कोणी चहा ठेवला, कोणी पोहे केले. अध्यक्ष घरी होते. काकांनी स्वतः शिडी धरली. तो प्रत्येक गच्चीवर वाकून वायर सोडवत होता, कोपराभोवती गुंडाळत होता, खाली उतरून चहा घेत होता आणि पुढच्या दाराशी जात होता. खांद्यावरचं निळं भेंडोळं दर घरागणिक जड होत गेलं. त्या दिवशी वरच्या आळीतल्या एकाही घरानं त्याला गच्ची नाकारली नाही.