टबातली काळी माती

थोरलीला नवऱ्याचा चेहरा लख्ख आठवायचा, आवाज मात्र निसटत चालला होता. भिंतीवर फोटो होता, पण तो मेला काही बोलेना.

"काल 'पाणी दे' म्हणायचे ते कानात आणायला गेले," तिने धाकट्या जावेला सांगितलं, "तर आलं तुझ्या नवऱ्याचं घोरणं."

"ते मला रोज फुकट ऐकायला मिळतं," धाकटी म्हणाली.

त्यांचं शेत राखीव रानात गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती. आता तिथे मूळचं गवताळ रान परत आणायचं काम निघालं, आणि थोरली त्याच कामावर जाऊ लागली. पायांना दुसरी वाट ठाऊक कुठे होती? एका सकाळी पाहते तो मशीन शेतातली वरची काळी माती खरवडून ट्रकात टाकतंय.

"अहो बाईसाहेब, जन्मभर शेणखत वाहिलंय आम्ही त्यात!"

"म्हणून तर काढतोय, मावशी," कामावर देखरेख करणाऱ्या बाई म्हणाल्या. "माती फार सकस झालीय. दांडगं तण माजतं, आणि इथलं बारीक रानफूल खाली गुदमरतं. त्याला हलकी जमीनच मानवते."

"म्हणजे लाडाने बिघडवली म्हणायची आम्ही."

बाई हसल्या. थोरली नाही हसली. तिने ट्रकवाल्याकडून दोन घमेली माती मागून घेतली आणि खरवडलेल्या पांढुरक्या जमिनीवर रानगवताचं बी टाकत राहिली. हात सवयीने ओळ धरायचा. "मावशी, विस्कटून टाका, हे शेत नाही," असं बाईंना सारखं सांगावं लागलं.

माती अंगणातल्या फुटक्या टबात गेली.

"भाऊजींना आंघोळीला बसवलंत वाटतं," धाकटी म्हणाली.

थोरलीने त्यात काही पेरलं नाही. नुसतं पाणी घालायची आणि मूठभर माती हातात धरून बसून राहायची. कानात काही येईना.

मग एक दिवस टबात हिरवं टोक दिसलं. जवळ जाऊन पाहते तर लव्हाळा! त्याच तणाने धन्याचा जीव खाल्ला होता. वरून उपटावा, तर खालची गाठ मातीत राहायची आणि स्वारी पुन्हा हजर. थोरलीचा हात आपसूक पुढे गेला, आणि कानाशी कुणी खेकसलं, "आलास का मुडद्या परत! तुझ्या आईला पोरं तरी किती!"

तोच आवाज. खरखरीत, शेवटाला चिरकणारा.

थोरलीने पुढे गेलेला हात मागे घेतला.

"अहो ताई, लव्हाळा तो!" धाकटी दारातून ओरडली. "उपटा, नाहीतर अंगणभर होईल."

"हळू गं," थोरली म्हणाली. "त्यांच्या शिव्या अजून संपल्या नाहीत."