बाभळीला बांधलेली रेडी

तडीपारी संपवून जोतीराम परत आला, तेव्हा त्याच्या हातात म्हशीच्या एका रेडीचं दावं होतं. त्याची बायको आक्काताई दारातच उभी राहिली. दोन वर्षांनी नवरा दिसत होता, पण तिची नजर आधी रेडीवर गेली.

"ही कुणाची?"

"आपली. निपाणीकडं एका म्हातारीच्या गोठ्यात राबलो. तिनं दिली."

आक्काताईनं रेडी गोठ्यात घेऊ दिली नाही. बाहेर बाभळीला बांधायला लावली.

राधानगरीच्या वाटेवरच्या त्या गावात जोतीराम ढोरांची दलाली करायचा. १९९४ साली गणपतरावांची दुभती म्हैस गोठ्यातनं नाहीशी झाली आणि पेठ वडगावच्या बाजारात जोतीरामच्या हातात सापडली. चोरीच्या ढोरांत त्याचं नाव आधीही आलं होतं. या खेपेला कळंब्याच्या तुरुंगात काही दिवस काढून झाले आणि वर कोल्हापूर-सांगलीतून तडीपारीचा हुकूम आला. जाताना तो म्हणाला होता, "म्या चोरली न्हाय. एकानं इकायला दिलती."

आक्काताईनं तेवढंच धरून ठेवलं. गणपतरावांच्या दारात जाऊन तिनं त्यांना खोटारडे म्हटलं. हवालदार येऊन माळ्यावर डोकवायचा, "नवरा चोरून येतोय व्हय गं?" विचारायचा. ती किती भाकरी थापते यावरसुद्धा शेजारणींचं ध्यान असायचं. सगळ्यांना ती पुरून उरली. पण एकटी असली की तिला वाटायचं, एकानं म्हणजे कुणानं? त्याचं नाव हा का सांगत नाही?

आणि आता ही रेडी. माहेरी जाते असं सांगून ती दुसऱ्या दिवशी एसटीत बसली आणि निपाणीला उतरली. विचारत विचारत गोठा गाठला. मालकीण बाळाबाई शेणी थापत होती.

"जोतीरामची बायको न्हवं? बा अव्वा, ये बाई, बस. तू इचारायला येशील, त्यो म्हनलाच हुता."

आक्काताईला ते लागलं. "रेडी तुमीच दिली?"

"मीच की. मरायला टेकलेली, त्यानं जगवली. म्हटलं, घेऊन जा."

आक्काताईचा जीव भांड्यात पडला. उठता उठता ती म्हणाली, "माजा नवरा चोर न्हाय, आजी. गावानं उगंच आळ घेतला."

बाळाबाईचे हात थांबले. "तुला सांगितलं न्हाय व्हय त्यानं? ती म्हस त्यानंच दाव्यातनं सोडून नेली हुती. इथं आला त्याच दिवशी बोलला. म्हनला, ठेवायचं तर ठेवा."

ती घरी आली तेव्हा जोतीराम रेडीला वैरण टाकत होता.

"निपाणीला गेलतो मी," ती म्हणाली. "परक्या बाईला सांगितलं आन् मला न्हाय?"

"तिनं हाकललं असतं तर दुसरा गोठा बघितला असता," तो खाली बघून म्हणाला. "तू हाकललं असतंस तर कुठं जाणार हुतो?"

ती तशीच गणपतरावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"तुमचं खरं हुतं. मी तोंड टाकलं, चुकलं माजं."

गणपतराव मग म्हणाले, "आन् ती रेडी?"

"ती आमची हाय. इचारून आलोय. पटत नसंल तर चला, दावतो."

गणपतराव खरंच गेले. बाळाबाईला भेटले आणि खात्री करून परत आले. त्यानंतरच आक्काताईनं रेडी आत बांधली.

जोतीरामनं दलाली सोडली. रेडी व्याली, पुढं तिच्या वंशानं गोठा भरला, डेअरीत दूध जाऊ लागलं. तरी पार दोन हजार पाच-सहापर्यंत गावात कुणाचं जनावर सुटलं की माणसं आधी त्यांच्याकडं यायची. जोतीराम मान खाली घालून ओट्यावर बसायचा. आक्काताई स्वतःच गोठ्याचं दार उघडायची. "या, बघा की," म्हणायची. माणसं दावणीवरून नजर फिरवायची, आणि त्यांच्यामागं उभी राहून तीही एकेक जनावर मोजून घ्यायची.